आपांच्या अजब बंगल्याचं पंचविसावं वर्ष

आपांनी मला पहिल्यांदा जे कपाट दाखवलं ते रिकामं होतं. आत लाल मखमलीचा तुकडा, त्यावर कशाच्या तरी वजनानं पडलेला गोल खळगा, आणि बाकी काही नाही. त्या खळग्याकडे बोट दाखवून आपा मला माहिती देत होत्या. हा बिदरी कामाचा हुक्क्याचा घडा, हुक्का ओढताना यात पाणी भरतात, रंग तव्याच्या बुडासारखा काळा, आणि त्या काळ्यावर चांदीची वेल बसवलेली. ती इथून निघते, इथं वळते आणि इथं या फुलापाशी येऊन थांबते. त्यांचं बोट हवेतल्या हवेत वेलीवरून फिरत होतं. मीही मान हलवत होतो, कारण आपल्या एकट्यालाच दिसत नसेल तर उगाच शोभा नको. शेवटी राहवेना म्हणून विचारलं, "आपा, पण तो घडा आहे कुठे?"

"कामरगावले," आपा म्हणाल्या. "लगन आहे तिथं. येईन मंग चार-आठ रोजानं."

मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. कारंजा लाडच्या स्टँडवर, चौकशीच्या खिडकीत, माझी बहुतेक नोकरी सरली. फलाटावर गाडी नसताना गाडी लागली आहे असं मी आयुष्यात कधी माइकवरून सांगितलं नाही. लोकांना चुकीची माहिती देण्यासारखं पाप नाही, असं माझं मत होतं आणि आहे. आणि ही पांढऱ्या ओढणीतली, जाड भिंगांच्या चष्म्याची, निवृत्त मास्तरीणबाई मला लागलेलीच नसलेली गाडी आतल्या सीटांसकट समजावून सांगत होती. मी घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, "आज एक अजब बंगला पाहिला, पण नेमकं काय पाहिलं ते विचारू नको."

फलकावर मोठ्या अक्षरांत 'इस्लामी कला संग्रहालय' असं लिहिलेलं होतं, वर उर्दूत, खाली मराठीत. पण आमच्याकडे संग्रहालय म्हटलं की तोंडात अजब बंगलाच येतो. तेव्हा सारा गाव 'आपाचा अजब बंगला' म्हणायचा. बंगला कसला, जुन्या पेठेतल्या टिनाच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या होत्या. मागच्या खोलीत आपा एकट्या राहायच्या. नवरा फार पूर्वी गेलेला, मूलबाळ नाही, एक भाचा पुण्याला नोकरीत. उर्दू शाळेत त्यांनी उभी हयात शिकवलं होतं, त्यामुळे अर्ध्या गावाचा कान त्यांनी कधी ना कधी पिळलेला होता. नाव कोणी घेत नसे. त्या सगळ्यांच्या आपा, म्हणजे थोरली बहीण.

संग्रहालय सुरू झालं तेही घोटाळ्यातूनच. वर्गातल्या पोरांना त्यांनी घरातली एखादी जुनी, नक्षीची वस्तू दाखवायला आणा म्हणून सांगितलं. कोणी अत्तरदान आणलं, कोणी पोथी ठेवायची लाकडी घडीची रेहल, कोणी लांब तोटीची तांब्याची झारी. धडा झाला, पोरं घरी गेली, वस्तू राहिल्या. आपांनी निरोप पाठवले, तर घरोघरून एकच उत्तर आलं, "राहू द्या आपा, तुमच्याकडं बरी आहे." मग त्यांनी एक कपाट केलं, मग दुसरं केलं. गावोगावच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून वस्तू येत गेल्या. त्यात हिंदूंच्या घरच्याही बऱ्याच होत्या. बिदरी घडा तर कामरगावच्या एका शेतकरी कुटुंबातला, सुभद्राबाईंच्या घरचा. त्यांच्या आजेसासऱ्यांना तो कुणा जहागीरदारानं दिलेला, असं त्या सांगायच्या.

मी एकदा खवचटपणे विचारलं होतं, "आपा, सुभद्राबाईंच्या माजघरातला घडा इस्लामी कला कसा काय?" आपा म्हणाल्या, "बनवणाऱ्याच्या हाताले पाहून मी फलक लावला, कंट्रोलरसाहेब. घर पाहून लावला असता तं दर घराले येक फलक लागला असता." उत्तर पटलं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

देणाऱ्यांना आपांनी एक शब्द दिला होता. घरात कार्य निघालं की आपली वस्तू घरी न्यायची. लग्न असो, बारसं असो, ईद असो, वास्तुशांत असो. आपा नाही म्हणत नसत, पावती मागत नसत, कधी परत आणता तेही विचारत नसत. त्यामुळे लग्नसराईत अजब बंगला ओस पडायचा. आणि शाळांच्या सहली नेमक्या त्याच सुमाराला यायच्या. पोरं मखमलीवरचे खळगे पाहून जायची आणि आपांच्या तोंडून ऐकलेल्या वस्तूंची चित्रं काढायची. त्यातली काही चित्रं मी पाहिली आहेत. खऱ्या वस्तू पाहून काढली असती तर इतकी चांगली आली नसती, असा मला दाट संशय आहे, पण तो मी आपांना कधी बोलून दाखवला नाही.

मी त्यांना नोंदवही ठेवायचं सुचवलं. कोण काय घेऊन गेलं, कधी आणणार, सही, अंगठा. मी स्वतः रकाने आखून द्यायला तयार होतो. आपा हसायला लागल्या. "पोरगी माहेरी चालली तं तिच्याकडून सही घेतेत काय हो?" म्हणाल्या. मी म्हटलं, पोरीचं वेगळं असतं. त्या म्हणाल्या, "काहून वेगळं?" रकाने आखायला आणलेली पट्टी मी पिशवीत परत ठेवली.

दुसरी त्यांची सवय म्हणजे वस्तू हातात देणं. मोठ्या शहरात मी एक संग्रहालय पाहिलं आहे. तिथं काचेपासून हातभर लांब उभं राहावं लागतं आणि खाकी कपड्यातला माणूस आपल्याकडे संशयानं पाहत असतो. आपा कपाट उघडायच्या आणि शेंबड्या पोराच्या हातात दोनशे वर्षांपूर्वीचं अत्तरदान ठेवायच्या. "पकड. भेऊ नको. कोणाच्या तरी हातानंच झालं हे." मी खाली ओंजळ धरून उभा राहायचो. पण मी तिथं जात राहिलो तितक्या वर्षांत कोणा पोराच्या हातून काही पडलं नाही. पडलं ते एकदा माझ्याच हातून. रेहल होती, लाकडी, म्हणून वाचली. आपा म्हणाल्या, "मोठे माणसं लय घाबरतेत."

भिंतीवर एक तसबीर होती. तीत काळ्या शाईनं काहीतरी लपेटदार लिहिलेलं. आपा म्हणायच्या, हा पक्षी आहे. मला त्यात न वाचता येणारी अक्षरं दिसायची. आपा चोच दाखवायच्या, शेपूट दाखवायच्या, मी "हो हो" म्हणायचो. असं दोन-तीन वर्षं चाललं. एकदा दुपारी सहज मान वर केली आणि समोर चक्क पक्षी. मी ओरडलोच. आपा चहा गाळत होत्या, त्या आतून म्हणाल्या, "आता तुमाले अक्षरं दिसाचे नाईत." आणि खरंच, त्यानंतर मला त्यात अक्षर म्हणून दिसलं नाही. कधीकधी वाटतं, आधी होतं तेच बरं होतं.

निवृत्तीनंतर मी रोज संध्याकाळी तिकडे जाऊ लागलो. बायको म्हणायची, स्टँड सुटलं तर आता अजब बंगल्याची चौकशी खिडकी धरली. खोटं नव्हतं. आलेल्या माणसाला कुठली वस्तू हजर आहे आणि कुठली गावाला गेली आहे, हे कोणीतरी दारातच सांगायला हवं होतं. ते काम मी अंगावर घेतलं. आपांना ते फारसं आवडत नसे. त्यांच्या मते गावाला गेलेली वस्तूही हजरच होती.

आणि मग ते पंचविसावं वर्ष आलं. म्हणजे आलं की नाही यावरच आधी महिनाभर वाद झाला. आपा चांदाच्या हिशेबानं वर्षं मोजायच्या. चांदाचं वर्ष आपल्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळे त्यांच्या मते पंचवीस वर्षं केव्हाच पुरी झाली होती. माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरप्रमाणे अजून व्हायची होती. उर्दू शाळेचे मुख्याध्यापक म्हणत, फलक लागला तेव्हापासून मोजा, म्हणजे आणखी पुढे जाईल. पुण्याहून भाच्यानं फोनवर विचारलं, पंचवीस पूर्ण की पंचविसावं सुरू? माझं डोकं भणभणलं. आपा म्हणाल्या, "भांडता कायले? सालभर चालू द्या." तसं ते सालभर चाललं, आणि कोणी विचारलं तर मीही तेच सांगू लागलो.

त्या वर्षाला महत्त्व आलं ते मात्र दुसऱ्याच कारणानं. आपांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी जिने चढू नका, दगदग करू नका असं सांगितलं होतं. घर त्यांच्या सासरकडून आलेलं, त्यांच्यानंतर ते भाच्याकडे जाणार होतं आणि भाचा ते विकणार होता. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं, तो काय कारंज्याला येऊन राहणार होता थोडाच. पण वस्तूंचं काय? आपांनी माझ्याशी इतर कशाची काळजी कधी बोलून दाखवली नाही, पण ही दाखवली. "मी गेल्यावर हे कोण्या कबाडीच्या ठेल्यावर नोको जायले, कंट्रोलरसाहेब. बस, येवढंच."

त्याच सुमारास एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयातल्या मॅडमचा फोन आला. त्यांना कोणा विद्यार्थ्याकडून आपांच्या अजब बंगल्याबद्दल कळलं होतं. वऱ्हाडातल्या वस्तूंचं एक दालन करायचं त्यांच्या मनात होतं. आपांचा सगळा संग्रह घेऊ, नीट जपू, दालनाला तुमचं नाव देऊ, असं त्या म्हणाल्या. घरोघरी कार्याला वस्तू पाठवण्याचीही काहीतरी सोय करू म्हणाल्या, ते मला खरं वाटलं नाही, पण आपांना वाटलं. त्यांच्या समितीचा जीव मात्र एका वस्तूवर होता. बिदरी घडा. तसं जुनं आणि अस्सल काम आता फार राहिलेलं नाही, बाकी संग्रह त्याच्या आधारानं मंजूर होईल, असं मॅडमनी अगदी स्पष्ट सांगितलं. दिवाळीनंतर त्या स्वतः पाहायला येणार होत्या.

आपा त्या दिवशी लहान मुलीसारख्या खूश होत्या. मला शेवया खायला घातल्या. दोन-दोनदा विचारलं, "तिथं काच राहीन ना? धूळ नाई ना लागायची?" जन्मभर पोरांच्या हातात वस्तू देणारी ही बाई काचेसाठी इतकी आसुसलेली पाहून मी चकित झालो. पण मनातून मलाही हायसं वाटलं.

मॅडमची तारीख ठरली, आणि मी आपांना म्हणालो, आता त्या दिवसापर्यंत एकही वस्तू बाहेर द्यायची नाही. आपा "बरं" म्हणाल्या. त्या इतक्या चटकन "बरं" म्हणाल्या तेव्हाच मला संशय यायला हवा होता. दिवाळीला मी आसेगावला, माझ्या गावी भावाकडे गेलो, आणि मॅडम यायच्या आदल्या दिवशी दुपारी परत आलो. पिशवी घरी टाकून अजब बंगला गाठला. दोन्ही खोल्यांतली सगळी कपाटं रिकामी. पक्ष्याची तसबीरसुद्धा नाही, भिंतीवर नुसता खिळा.

चोरी झाली, असंच मला वाटलं. आपा आत निवांत तांदूळ निवडत होत्या.

"आपा, वस्तू कुठे आहेत?"

"घरी गेल्या."

"कोणाच्या घरी?"

"आपापल्या. मीच सांगतलं सगळ्याइले. पंचवीस साल झाले, येक डाव घरी न्या, आणि उद्या आपल्या हातानं घेऊन या. त्या मॅडम नुसत्या चीजा पाहून जाईन तं त्याइले काय समजणार? माणसं बी पाहाले पाहिजेत ना."

मी डोक्याला हात लावून बसलो. उद्या कोणी आलंच नाही तर? गाडी चुकली तर? कोणाकडे मयत झाली तर? आपा म्हणाल्या, "येतील." मी रात्रभर नीट झोपलो नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच सगळे आले. जीपनं आले, एस.टी.नं आले, मोटरसायकलवर मागे बायको आणि तिच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेली झारी, असे आले. कोणी नवे कपडे घातले होते. पेठेत ही गर्दी झाली. मॅडमना दारातून आत येता येईना, पण बाई चांगल्या होत्या, त्या हसत होत्या, फोटो काढत होत्या. प्रत्येक घरचा माणूस आपली वस्तू आपांच्या हातात द्यायचा आणि आपा ती मॅडमना द्यायच्या, माणसाच्या नावासकट. मला कबूल करायला हवं की आपांचं बरोबर होतं. मॅडमच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

मग सुभद्राबाई आल्या. नव्वदीला टेकलेल्या, कमरेत वाकलेल्या, हिरवं लुगडं, बरोबर नातू. घडा त्यांनी नातवाच्या हाती दिला नव्हता, स्वतःच पोटाशी धरला होता. फडकं सोडलं, आणि मला आधी कळलंच नाही काय पाहतो आहे ते. घडा पांढरा होता. चकचकीत, कल्हई केल्यासारखा पांढरा. काळ्याचा मागमूस नाही. चांदीची वेल होती तिथेच होती, पण पांढऱ्यावर पांढरी, ती आता दिसेना.

"आपा, पाह्य बरं," सुभद्राबाई म्हणाल्या. त्यांचं तोंड आनंदानं फुललं होतं. "कित्येक पिढ्याइचा मळ चढून बसला होता त्याच्यावर. आमच्या घरी कोणी हातच लावला नोता. या दिवाळीले देवाचे भांडे घासाले काढले, म्हनलं, हाही घासू. चिंच लावली, राख लावली. तीन रोज घासून राह्यली होती मी. सून म्हने, बुढे, मरशीन. म्हनलं, मेली तं मेली, पन आपाच्या पंचविशीले काळं भांडं नाई न्यायची."

मॅडम फोटो काढायच्या थांबल्या. त्यांनी घडा हातात घेतला, उजेडाकडे धरला, आणि हलक्या आवाजात इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. मी काय समजायचं ते समजलो. बिदरीचा काळा रंग म्हणजे मळ नसतो. तोच त्या कामाचा जीव. तो खास मातीनं चढवतात, आणि चिंचेनं जातो. मी पुढे होऊन सुभद्राबाईंना हे सांगणार होतो. चुकीची माहिती पसरू नये, एवढाच माझा हेतू होता. आपांनी माझ्या मनगटाला धरलं. इतक्या जोरात, की दोन दिवस वळ राहिला.

"वा!" आपा म्हणाल्या. "काय चमकला हो बाई! मी तं ओळखलाच नाई!" आणि त्यांनी सुभद्राबाईंचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. चिंचेनं आणि राखेनं बोटांची कातडी सोललेली होती. आपांनी ते हात आपल्या डोळ्यांना लावले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, का ते मला माहीत नाही.

गर्दी पांगल्यावर मॅडम आपांशी बोलल्या. फार जपून बोलल्या. असा घडा समितीपुढे ठेवता येणार नाही. पण अजून एक उपाय आहे. बिदरला कारागीर आहेत, त्यांच्याकडे तो पुन्हा काळा करून घेता येईल. जुना काळा तो जुनाच, पण वेल दिसायला लागेल. आम्ही खर्चासकट सगळं करू. मग समितीला मी पटवीन. तुम्ही फक्त हो म्हणा.

माझा जीव भांड्यात पडला. आपांनी मात्र घडा आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाल्या, "ती बाई दर लगनाले हा नेते. काळा दिसला तं विचारीन ना, काहून काळा केला? मंग मी काय सांगू? तुझ्या हातानं नास झाला होता म्हणून?" मॅडम म्हणाल्या, त्यांना समजावून सांगता येईल. आपा म्हणाल्या, "समजीन तिले. लय हुशार आहे ती. तेच तं." आणि हात जोडून, "तिच्या जीवात जीव आहे तोवर नाई. माफ करा."

मॅडम गेल्यावर मी आपांवर चिडलो. आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. म्हटलं, एका म्हातारीचं मन राखायला तुम्ही सगळ्या वस्तू रस्त्यावर आणणार? तुम्हालाच ना भीती वाटत होती भंगाराच्या गाडीची? ज्यासाठी जीव टाकत होतात, ते हाताशी आलं आणि घालवलं! आपांनी ऐकून घेतलं. मग पांढरा घडा मांडीवर घेऊन त्या रडायला लागल्या. मोठ्यानं, पोरीसारख्या, ओढणी तोंडात धरून. "लय सुंदर होता हो," म्हणाल्या, "लय सुंदर होता." मी त्यांना पाणी दिलं. रडणाऱ्याही त्याच आणि नाही म्हणणाऱ्याही त्याच, यातलं कुठलं खरं, हे मला तेव्हा कळलं नाही.

समितीचा नकार आला. मॅडमनी तो स्वतः फोन करून सांगितला. आपा "काही हरकत नाई" म्हणाल्या. आणि उन्हाळा लागायच्या आत आपा गेल्या. सकाळचा चहा ठेवला होता, तो उतू गेला तेव्हा शेजारणीला कळलं. माझ्यावर कबरीवर मूठभर माती टाकायची वेळ आली आणि मला अगदी निराधार वाटलं. माझी थोरली बहीण गेली होती. हे मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं, त्याची गरजही पडली नव्हती.

घर विकलं गेलं. पण भाचा समजूतदार निघाला. त्यानं कपाटं वस्तूंसकट शाळेला दिली, मुख्याध्यापकांनी एक वर्गखोली दिली, आणि चावी कशी कोण जाणे माझ्याकडे आली. संध्याकाळी मी तिथं बसतो. छप्पर गळतं, पोरं खिडकीतून खडू फेकतात, पावसाळ्यात मखमलीला बुरशी येते. याला सुरक्षित म्हणायचं की नाही, मला सांगता येत नाही. मॅडमचा अजून अधूनमधून फोन येतो. घडा बिदरला पाठवू या का, आता तर आपाही नाहीत, समितीत नवी माणसं आहेत, मंजूर होईल. त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. प्रत्येक वेळी मी विचार करून सांगतो म्हणतो.

परवा सुभद्राबाई आल्या. पणतीचं लग्न आहे. आता त्यांना दिसतं कमी, चालवतही नाही, नातवानं जवळजवळ उचलूनच आणलं. घडा मी त्यांच्या मांडीवर दिला. त्यांनी तो चाचपला, डोळ्यांजवळ नेला, पदरानं पुसला. हवेनं आता तो मंद राखाडी झाला आहे.

"चमक गेली रे याची," म्हणाल्या.

"हो, थोडी गेली."

"आपाले आवडला होता ना तवा? का उगीच म्हनली माह्या मनासाठी? तू होता तिथं, खरं सांग."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. मॅडमचं म्हणणं मला आठवलं. गळणारं छप्परही डोक्यावरच होतं. एक खरं वाक्य बोललो असतो तर सगळं मार्गी लागलं असतं.

"आवडला होता, मावशी," मी म्हणालो. "आपांनी तुमचे हात डोळ्यांना लावले होते, विसरलात काय?"

त्या हसल्या. तोंडात दात नव्हता. "मंग पुन्हा घासून आणतो," म्हणाल्या. "चिंच आहे घरी."

"आणा," मी म्हणालो, आणि त्यांना कामरगावच्या गाडीत खिडकीजवळ बसवून दिलं.